खोर फक्कानला मला गाडीत बसवलं

रविवार, संध्याकाळ. करामा, दुबई.

आज पोटच्या पोरीने मला उठवून गाडीत बसवलं! सईची पहिली नोकरी, इथल्या कोकणी कामगारांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या. तिचं मराठी मोडकंतोडकं, म्हणून खोर फक्कानच्या बंदरापर्यंत मी सोबत गेलो. तिथला फिटर सखाराम गावच्या शिमग्याबद्दल सांगत होता. म्हणाला, आधी पालखी नाचवतात, मग देवीची ओटी भरतात. मी म्हटलं, "उलटं सांगतोयस. आधी ओटी." त्याने माईक काढून सईच्या हातात दिला.

"बाबा, यू वेट इन द कार. प्लीज."

गाडीत! मी! डिग्री नसेल माझ्याकडे, पण हिच्या जन्माआधीपासून कोकणावरची पुस्तकं वाचतोय. चुकीचं रेकॉर्ड होऊ द्यायचं?

परतताना विचारलं, पुढे काय बोलला?

"त्याच्या आईला आता दिसत नाही. पालखी आली की कोणीतरी तिचा हात धरून पालखीला लावतं. तो रडला, बाबा. तू असतास तर बोलला नसता."

पुढच्या रविवारी ती पुन्हा सखारामकडे जाणार, बसने म्हणे. एवढ्या लांब, एकटी! राग गिळून म्हटलं, मी सोडतो, गाडीतच बसेन.

"नको. तू बाहेर आहेस हे त्याला कळतं. आजही सारखा गाडीकडे बघत होता."