कोरीटच्या पाण्यावरची माझी सही

मी, नवल सजन पाटील, वय अडुसष्ट, राहणार कोरीट, जिल्हा नंदुरबार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. कोणी भीती घातलेली नाही, कोणी गळ घातलेली नाही. याआधी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर मी पुण्याच्या नोकरीतून बांधले. ते पत्नी सिंधुबाईच्या हयातीत तिचे. तिच्यानंतर मुलगा कुंदन आणि सून रंजिता यांचे, निम्मे निम्मे. बँकेतली ठेव सिंधुबाईची. ती कशी खर्च करावी हे तिला कोणी शिकवू नये. मी जन्मभर शिकवले, तेवढे पुरे.

२. शेत कुंदनचे. मात्र माझ्या मृत्यूनंतरच्या पहिल्या हंगामात माझी पाण्याची पाळी शेजारच्या शेतातल्या वाहरूला द्यावी. त्याचे कारण लिहिणे भाग आहे.

आमची सोसायटी तापीचे पाणी उचलून शेतांना देते. निवृत्त होऊन गावी आल्यावर पंप आणि व्हॉल्व्ह चालवणारा प्रोग्रॅम मी लिहिला. पुण्यात यंत्रांचे प्रोग्रॅम लिहिण्यातच माझी नोकरी गेली, त्याच पद्धतीने लिहिला. प्रत्येक पंप एक ऑब्जेक्ट, प्रत्येक व्हॉल्व्ह एक ऑब्जेक्ट. ज्याने त्याने आपली स्थिती आपल्यापाशी ठेवायची आणि बदलायची. गेल्या वर्षी हिवाळ्यात वीज गेली आणि आली. प्रोग्रॅमच्या लेखी व्हॉल्व्ह बंद होता, प्रत्यक्षात उघडा राहिला. वाहरूची मिरची पथारीवर, म्हणजे वाळवणाच्या मोकळ्या जमिनीवर, पसरलेली होती. ती पाण्यात गेली. मी भरपाई देऊ केली, तो नाही म्हणाला. "नाना, मशीन शे, चुकस," एवढेच बोलला. मशीन चुकले नव्हते.

३. माझी सी प्लस प्लस भाषेची पुस्तके रद्दीत द्यावीत. रंजिताच्या हातून ती टाकली जाणार नाहीत, म्हणून लिहून ठेवतो. ऑब्जेक्टची ती पद्धत खोटी नव्हती. तेव्हा यंत्रात एका वेळी एकच हात काम करी. आता अनेक हात एकदम चालतात, आणि बदलत राहणारी एकच गोष्ट दोघांनी धरली की दोघांचेही खरे राहत नाही. रंजिताही प्रोग्रॅम लिहिते, पण रस्ट भाषेत. त्या भाषेत वारशाने येणारे वर्ग, म्हणजे ऑब्जेक्टचे साचे, नाहीत. एकदा ठेवलेली किंमत मुद्दाम तसे लिहिल्याशिवाय बदलता येत नाही. काय घडले त्याची नोंद घ्यायची, जुनी स्थिती आणि ती नोंद फंक्शनला द्यायची, नवी स्थिती बाहेर येते. जुनीला हात लावायचा नाही. हे मला तोंडी समजते. कागदावर वाचता येत नाही.

४. मल्टिमीटर, सोल्डरिंगची पेटी आणि पान्यांचा संच पंपघर सांभाळणाऱ्या दोधूला. सोसायटीचे चेअरमन सुकलाल यांनी पंपघरावर माझ्या नावाची पाटी लावली आहे, ती काढावी. नको म्हणून मी तेव्हा दोनदा सांगितले. तिसऱ्यांदा सांगितले नाही. ते सांगायला हवे होते.

५. मिरची गेल्यावर रंजिताने सगळा प्रोग्रॅम नव्याने लिहिला. माझा नियम असा की तपासून सही केल्याशिवाय पंपघरातल्या यंत्रात काही चढवायचे नाही. ती प्रत्येक बदलाचा कागद मला आणून देते. "नाना, दखी ल्या." मी दोन दिवस ठेवतो, चष्मा लावून बसतो, आणि "तपासले" लिहून सही करतो. एकही मी समजून वाचलेला नाही. शिक, असे ती कधी म्हणाली नाही. शिकव, असे मी म्हणालो नाही.

रोज सकाळी पंपघरात जाऊन मी मोटर सुरू करायचे माझे बटण दाबतो. दिवा लागतो, मोटर उचलते. गेल्या महिन्यात दाराबाहेर चपला काढत असताना आत दोघांचे बोलणे कानावर आले.

"वयनी, नानाना बटननी वायर आते काढी टाकूत," दोधू म्हणाला. "फुकट दिवा जळस."

"ऱ्हाऊ दे, दोधूभाऊ. त्यासनं मन ऱ्हास."

"काल बटन दाबीसन माले म्हने, दख, कशी उचलनी मोटर. मी म्हनं, हाव नाना, तुमना हातले यश शे."

"हासू नको. त्यासना समोर ते मुळीच नको."

मी चपला घालून परत आलो. घरी सही केलेले कागद काढले आणि त्यात स्वतःला शोधले. पहिल्याच कागदात सापडलो. माझ्या बटणाचे एक फंक्शन आहे, एका ओळीचे. जी स्थिती आत येईल तीच, काही न बदलता, बाहेर द्यायची. तिच्या साऱ्या लेखनात एवढेच मला पहिल्या वाचनात कळले. खाली माझे अक्षर: तपासले. मोटर आपल्या ठरल्या वेळी आपोआप सुरू होते. मी वेळेचा पक्का, म्हणून दोन्ही जुळत आले.

तिने लपवले नव्हते. वर्षापूर्वी माझ्या हातात दिले होते.

६. म्हणून जाहीर करतो की रंजिताच्या प्रोग्रॅमवरच्या माझ्या सर्व सह्या खोट्या आहेत. तो आजवर दुसऱ्या कोणी तपासलेला नाही. चूक असेल तर पुन्हा कोणाची तरी मिरची जाईल. सोसायटीने जाणता माणूस बाहेरून बोलावून तो तपासून घ्यावा. प्रोग्रॅमचे सर्व हक्क रंजिताचे. माझा जुना प्रोग्रॅम तिने पुसावा. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तीच करील.

७. बटण माझ्या हयातीत राहू द्यावे. मला सवय झाली आहे.

८. वरील सहावे कलम लिहून झाल्यावर मी दोन दिवस थांबलो. मेल्यावर उघडणाऱ्या कागदात ते लिहिताना बरे वाटले होते, तेच लाजिरवाणे आहे. मृत्युपत्र मेल्यावर लागू होते. पाणी रोज सुटते. रंजिताने कालच नवा कागद आणून दिला आहे. त्यावर मी सही केलेली नाही. "मला हे वाचता येत नाही," असे लिहिले आहे. आज साक्षीदार गेल्यावर तो आणि सहाव्या कलमाची नक्कल मी स्वतः तिच्या हातात देईन.

साक्षीदार धानोऱ्याचे घेतले आहेत. आमचे पाणी त्यांच्या शेतात जात नाही. दोघांसमोर मी सही केली, माझ्यासमोर त्यांनी केली. मजकूर त्यांनी वाचलेला नाही, कायद्याने तशी गरज नाही.

ठिकाण: कोरीट
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५

(सही) नवल सजन पाटील

साक्षीदार:
(सही) योगेंद्र भिला पाटील, राहणार धानोरा
(सही) भरत दिवाल्या वळवी, राहणार धानोरा