उजवं पाऊल उशिरा पडतं

ता. ४ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. कृत्रिम पाय बनवणाऱ्या अख्ख्या कारखान्याचा मुख्य होणार तू. मी दोनदा वाचलं, मग शेजारणीला वाचून दाखवलं, आणि तडक रंगाऱ्याकडे जाऊन तुझ्या नावाची पाटी सांगून आले. नावाखाली मोठ्या अक्षरांत 'मुख्य'. घाई केली म्हणशील, पण तुझ्या बाबतीत मला कधी धीर होता?

आई गेल्यावर शाळा सोडून मी शिलाई मशीनवर बसले, तेव्हा लोक म्हणायचे, पोरीने स्वतःचं वाटोळं केलं. मी मनात म्हणायचे, थांबा जरा. बावीस वर्षांनी त्यांना उत्तर मिळालं. पंधरा तारखेच्या आत होकार कळवायचा आहे ना? मग कळवून टाक. आणि जाशील तेव्हा तो साच्यांचं प्लास्टर लागलेला सदरा बदलून जा.

लोभ आहेच, तो काय मागायचा.

तुझी ताई

ता. ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. मी नकार कळवला आहे.

रागव, तुझा हक्कच आहे. पण आधी ऐक. सोमवारी एक पोस्टमन आला होता, अपघातात डावा पाय गेलेला. पाय बसवला की मी माणसाला आमच्या लांब व्हरांड्यातून चालायला लावतो आणि स्वतः पाठ करून, डोळे मिटून बसतो. आपण बघतोय म्हटलं की माणूस उसनं अवसान आणून नीट चालतो. कानाला मात्र फसवता येत नाही. त्याचा पाय चार वेळा काढून घासला. पाचव्यांदा दोन्ही पावलं सारखी वाजली. तो तसाच दाराबाहेर गेला आणि कुबड्या इथेच विसरला. त्या समोर कोपऱ्यात उभ्या आहेत. ताई, मला याहून मोठं काही व्हायचं नाही. मुख्य झालो तर वरच्या मजल्यावर बसून नुसत्या सह्या करीन.

तुझ्या कष्टांचं चीज झालं नाही असं तुला वाटेल, एवढीच भीती आहे.

आणखी एक. मागच्या खेपेला तू जिना उतरलीस तेव्हा तुझं उजवं पाऊल उशिरा पडत होतं. विचारलं तर चप्पल सैल आहे म्हणालीस.

रागात का होईना, दोन ओळी लिही.

तुझा बारक्या

ता. २१ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आशीर्वाद.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तुला नुसतं फैलावर घेतलं असतं. आता शेजारणीला काय तोंड दाखवू, हेच आधी मनात आलं. त्याची आज लाज वाटते. पाटी तयार होती. रंगाऱ्याला 'मुख्य' पुसायला लावलं. तिथे दुसरं काय लिहू, असं त्याने विचारलं. जागा कोरीच ठेवून पाटी घरी आणली.

बावीस वर्षं मी माझ्या आयुष्याचा निकाल तुझ्या हुद्द्यावर टांगून ठेवला. एवढं ओझं धाकट्याच्या खांद्यावर द्यायला नको होतं. चुकलंच माझं.

चप्पल सैल नव्हती. मशीनचं पायडल मारून मारून गुडघा गेला आहे, तीन वर्षं झाली. शेजारणीला माहीत नाही, रोज कपडे टाकायला येणाऱ्या बायकांना नाही. तुला मात्र जिन्यावरच्या आवाजावरून कळलं. हे समजायला मला तुझं पत्र चारदा वाचावं लागलं.

लोभ होता तसाच आहे. गुरुवारी येते. घ्यायला येऊ नकोस. मी तुमच्या त्या व्हरांड्यातून चालत येईन. तू पाठ करून बस.

तुझी ताई