बसू न देणारे पाय

१२ नोव्हें. २०१६, चिखले
दिवेलागणीला टेकले की पाय सुरू. दुखत नाहीत. पोटऱ्यांच्या आत वळवळतं. हलवले की थांबतं, ठेवले की पुन्हा. ह्यांना सांगितलं तर, "अंथरुणात सायकल चालवतेस की काय!" हसले. रडूच येत होतं खरं तर.

२० नोव्हें.
सासूबाई : "खारं वारं शिरलंय पायात. लसणीचं तेल चोळ." चोळलं. घरभर वास, पाय तसेच.

४ डिसें.
डहाणूला डॉक्टरीणबाईंकडे. साखर ठीक, मूत्रपिंड ठीक, रक्तात लोह कमी. शिंकांसाठी गोळी घेते, तिच्यानेही वाढतं म्हणे. बंद. मग विचारलं, "घरात कुणाला होतं?" नणंदबाई शेजारीच बसलेल्या, आणि मनूच्या लग्नाचं बघतोय. नाही म्हटलं. माझी आई तळासरीला रोज संध्याकाळी अंगणात फेऱ्या घालायची तेव्हा लोक म्हणायचे, बाईला बाधा आहे. लेकीच्या मागे ते नको.

१९ फेब्रु. २०१७
एवढ्या लोहाच्या गोळ्या खाऊन फरक शून्य. डॉ. बाई : "कशाबरोबर घेता?" कोऱ्या चहाबरोबर. आमच्याकडे सगळ्याच गोळ्या कोऱ्या चहाबरोबर जातात. बाईंनी कपाळाला हात लावला. चहा लोह अंगी लागूच देत नाही! इतके दिवस फुकट. स्वतःचाच राग आला.

७ मे
मनूचा साखरपुडा. बोर्डीची माणसं, संध्याकाळची वेळ. मी बसलेच नाही. पाणी, सरबत, परत पाणी. विहीणबाई : "तुम्ही काय बसतच नाय वो! केवढा तो उत्साह!" मनूला सगळं ठाऊक, ती खाली बघून हसत होती. निभावलं बाई.

२ सप्टें.
गोळी आता लिंबूपाण्याबरोबर. महिनाभर बरं होतं. परवापासून पुन्हा तेच. डॉ. बाई म्हणाल्या, नेमकं कारण दरवेळी सापडत नाही. काहींना आईकडून येतं. पुढे विचारायचा धीर झाला नाही. थकले मी.

१४ जून २०१८
मनूला सातवा. दुपारी फोन. "आई, संध्याकाळ झाली की पाय कुठे ठेवू कळत नाही गं." म्हटलं, गरोदरपणी होतं पुष्कळींना, बाळंत झाल्यावर जातं. हे खरंच आहे, बाईंनीच सांगितलंय. पण गेलं नाही तर?
तेवढ्यात विहीणबाईंनी फोन घेतला. "डॉक्टर विचारतात, तुमच्यात कुणाला होतं काय?" वाटलं, एकदाचं सांगून टाकावं, पोरीला नीट औषध तरी मिळेल. आणि मग? बाधेचं घर म्हणाले तर?
मी काही बोलायच्या आत मागून मनू सासूला सांगताना ऐकू आली, "नाही हो आई, आमच्यात कुणालाच नाही."
विहीणबाई बरं म्हणाल्या. फोन ठेवला.
उद्या बोर्डीला जाते. ह्यांना सांगितलं, आंबे द्यायला. तिथे जाऊन तोंड उघडेल की नाही, देव जाणे. मनू माझ्याकडे बघेल तेव्हा तरी आजीच्या फेऱ्यांचं सांगायला हवं.