रोहनची जागा

रविवार, पिंप्राळा

माझ्या रोहनला आरक्षणातून मेडिकलची जागा मिळाली म्हणून धाकटा भाऊ नरडाण्याहून पेढे घेऊन आला. त्याच यादीत त्याची लेक सीमा थोड्या गुणांनी राहिली, आणि पेढे त्यानेच आणावेत?

"सीट आपला घरमाच शे ना, अक्का," म्हणाला.

जागा हक्काचीच आहे, मी कोणापुढे मान खाली घालणार नाही. पण याच आरक्षणाने मला नोकरी दिली, म्हणून रोहनला नाशिकचा क्लास परवडला. सीमा शेतातून आल्यावर अभ्यासाला बसायची. उद्यापासून ती कारखान्यात पॅकिंगला जाणार. मी हातातला पेढा परत पुड्यात ठेवला.

"तिला वर्षभर माझ्याकडे ठेव, परत परीक्षा देऊ दे," मी बजावलं.

भाऊ चपला घालत म्हणाला, "तीच नही म्हनस, अक्का."