साक्ष न पुसलेला लॅपटॉप लिलावातून वगळणेबाबत

प्रति,
मा. भांडार अधिकारी,
महिला निवारा व साहाय्य कक्ष,
जिल्हा नंदुरबार.

विषय : सोमवारच्या लिलावातील जुन्या लॅपटॉपमधून माझ्या आईची साक्ष खरोखर नष्ट करणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कक्षाची लिलावाची नोटीस.
२) आपण मला दिलेले तोंडी उत्तर : "घाबरू नका."

महोदय,

संदर्भ क्र. २ चे पालन करण्याचा मी प्रयत्न केला. जमले नाही, म्हणून हा अर्ज सादर करीत आहे. यात आमची व गावाची नावे मुद्दाम लिहिलेली नाहीत. त्या कारणावरून अर्ज बाद करू नये.

१. आमच्या गावात एक मूल तापाने दगावले. भगताने दाणे टाकून पाहिले आणि माझ्या आईला डाकीण ठरवले. माझ्या चुलत्यांचा आमच्या शेतावर डोळा होता, तेव्हा दाणे काय बोलणार हे उघडच होते. विळे घेऊन माणसे दाराशी आली आणि आम्ही मागच्या दाराने डोंगर उतरलो. आपल्या कक्षाने आसरा दिला, दूर खोली पाहून दिली, हे उपकार मी विसरणार नाही. आईची साक्ष आपल्याच लॅपटॉपवर चित्रित झाली. आम्ही आता कोठे राहतो, कामाला कोणत्या वाटेने जातो, सर्व तिने सांगितले, कारण साहेबांनी विचारले की खरे बोलायचे असे तिला ठाऊक आहे. चुलते अजूनही बाजाराच्या दिवशी मोबाईलवर तिचा फोटो दाखवत फिरतात.

२. तोच लॅपटॉप आता भंगारात निघाला आहे. ऑपरेटर श्री. भरत यांनी माझ्यासमोर साक्ष डिलीट केली, कचरापेटीही रिकामी केली व म्हणाले, "ताई, समदं पुसी टाकेल शे. आते तेमा काहीच ऱ्हायनं नही." ते भले गृहस्थ आहेत. परंतु आमच्या शेजारी मोबाईल दुरुस्त करणारे भूपेशभाऊ यांचे म्हणणे असे की, डिलीट केल्याने दारावरची पाटी तेवढी निघते, घरातला माणूस घरातच असतो. त्यांनी आपल्या परवानगीने कार्यालयात ती साक्ष परत काढून दाखवली. आवाज मोठा ठेवलेला होता. आमचा पत्ता रांगेतल्या सगळ्यांनी ऐकला.

३. त्यावर उपाय म्हणून आपण स्वच्छता मोहिमेची चित्रफीत डिस्क भरेपर्यंत पुन्हा पुन्हा त्यात उतरवून घेतली. जुन्या फिरत्या डिस्कला हे चालले असते. ही फ्लॅश डिस्क आहे. एकच जागा झिजू नये म्हणून ती नवा मजकूर वेगळ्याच कप्प्यात ठेवते, आणि काही राखीव कप्पे तर विंडोजला दिसतही नाहीत. स्वच्छतेच्या खाली आई तशीच बसलेली असेल.

४. मला खरी धडकी भरली ती काल. नियमाप्रमाणे कोणती माहिती नष्ट केली याचा दाखला लागतो, म्हणून आपण तो काढला. त्यात आईचे पूर्ण नाव, वय, सध्याचा पत्ता आणि पुढे "ही गोपनीय माहिती नष्ट करण्यात आली आहे" असे आहे. तो फलकावर लावलेला होता. खाली लिहिले होते : माहितीस्तव प्रत, मूळ गावची ग्रामपंचायत. चुलत्यांची बैठक तेथेच असते. ती प्रत अजून टपालात पडलेली नाही, एवढेच बरे.

५. तरी विनंती की ती प्रत थांबवावी. लॅपटॉप लिलावातून काढावा. चालू असलेल्या विंडोजला स्वतःच्या पायाखालची जमीन पुसता येत नाही, म्हणून तो वेगळ्या पेनड्राइव्हवरून सुरू करून डिस्कला तिची स्वतःची सगळे कप्पे पुसण्याची आज्ञा द्यावी. ती आज्ञा डिस्कने मानली नाही, तर डिस्क बाहेर काढून माझ्यासमोर तिच्या चिपांचा घणाने चुरा करावा. घण मी आणते.

६. हा अर्ज कृपया स्कॅन करू नये. उत्तरही पाठवू नये, पोस्टमन आला तरी आई पलंगाखाली जाते. मी सोमवारी लिलावाआधी स्वतः येते. आई रोज एकच विचारते, मशीनमधून मी निघाले का? मी हो म्हणते. साहेब, मला फार भीती वाटते. तेवढे माझे "हो" खरे करावे.

आपली नम्र,
(सही केलेली नाही)
साक्ष देणाऱ्या बाईची मुलगी
शुक्रवार

सोबत : फलकावरील दाखला. न विचारता काढून घेतला, क्षमा असावी. आईचे नाव व पत्ता प्रथम काळ्या शाईने खोडला होता, पण कागद उजेडासमोर धरला की वाचता येत होता. म्हणून तेवढा तुकडा कात्रीने कापून चुलीत घातला आणि राख होईपर्यंत आम्ही दोघी तेथून उठलो नाही.