कोपऱ्यावरचं बंद शटर

३ जानेवारी

कोपऱ्यावरचा गाळा मिळाला! आमचं बॅगा दुरुस्तीचं दुकान बोळात, पार आत. गाळा बसथांब्यासमोर — बॅगेची चेन तुटलेली माणसं थेट पुढ्यात उतरतात. मी लेकाला म्हटलं, "उद्याच एक मशीन नेऊन टाक." तर म्हणे, "आई, आधी नीट तयारी करू." करा बाबा. मी पायरीवर मशीन मांडून धंदा सुरू केला, तेव्हा पायरीसुद्धा शेजारणीची होती!

मला अक्षर येत नाही. लिहितेय सूनबाई — म्हणजे तिच्या चहाबद्दल बोलायची सोय नाही.

२० जानेवारी

पाटीचा रंग ठरत नाही. निळी रंगवली, पुसली. आता हिरवी. मला काय, दोन्ही सारख्याच वाचता येत नाहीत.

९ फेब्रुवारी

आमच्याकडे शिवायला असते ती मशीनवाली आज म्हणाली, "दादा, मी बसते ना तिथे. तुम्ही फक्त शटर उघडून द्या." लेक म्हणे, "काउंटर तर येऊ दे!" काउंटर आला. उंची चुकली. परत धाडला.

नात विचारत होती, "बाबा दुकान-दुकान खेळतात का गं आजी?" नाही गं बाई. खेळताना तुम्ही निदान लगेच विकायला तरी बसता.

२ मार्च

मशीनवाली आम्हाला सोडून गेली. गाळ्यासमोरच्या जिन्याखाली बसलीय. एक मशीन, एक स्टूल, पाटी नाही. माणसं बॅगा घेऊन उभी!

सूनबाई रोज बंद गाळा झाडायला जाते आणि समोर बघून येते. हे लिहिताना पेन फार दाबतेय. कागद फाटेल गं.

१८ मार्च

लेक म्हणतो, तिचं चार दिवसांचं आहे. त्याने नवी पाटी आणलीय. पिवळी.

२६ एप्रिल

मालकाने गाळा काढून घेतला. "काकू, रोज बंद शटर बघवत नाही हो." दिला मशीनवालीला. आणि आजच काउंटर आला — अगदी बरोबर उंचीचा! आता त्यावर आम्ही कपड्यांच्या घड्या घालतो.

बोळातल्या दुकानात लेक माशा मारतोय. जीव जळतो. पोटचा आहे म्हणून शिवी गिळते.

२९ एप्रिल

सूनबाई आजपासून मशीनवालीकडे कामाला लागली. माझं जुनं मशीन मीच तिच्याबरोबर धाडलं. म्हणून आज लिहायला लेक बसलाय. आधी समास आखत होता!

लिही — मशीनवालीला अजून एक माणूस हवाय. मला विचारत होती, "आजी, दादा येतील का?" उद्या बघतो, म्हणतोय हा.

खोड ते उद्या. आज लिही. लिहिलंस? मला कुठे वाचता येतंय. उठून दाखव.