छावणीतली स्पिरिटची चूल

साहेब,

तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण मी बोलणार आहे. तुमच्या हयातीत माझ्या तोंडून ‘हो साहेब’ यापलीकडे काही निघालं नाही, आणि तुमच्या पश्चात तरी मी कोणाची भीड धरू?

दुष्काळाचं ते वर्ष. ऊसच नव्हता म्हणून आपल्या सहकारी कारखान्याचं गाळप सुरूच झालं नाही आणि मोकळ्या आवारात गुरांची चारा छावणी उभी राहिली. प्रयोगशाळेत आपण दोघंच, तुम्ही मुख्य केमिस्ट आणि मी हंगामी मदतनीस. मला काम तुम्ही शिकवलंत, ते नाकारत नाही. नळीतली पातळी डोळ्यासमोर धरून वाचायची, घाई करायची नाही, हे अजून हातात आहे. माझी माय तेव्हा आमचे दोन बैल घेऊन छावणीतच राहायची. चाऱ्याच्या गंजींवर ठिणगी उडेल म्हणून तिथे लाकडाची चूल मांडायला बंदी होती. घोटभर चहासाठी बायका भर उन्हात गावापर्यंत पायपीट करायच्या. मायच्या टाचा फुटलेल्या बघून मी रिकाम्या वेळात डोकं चालवायला लागले. थंड पेयाचे दोन पत्र्याचे डबे बुडापासून दोन बोटांवर कापले, एकात एक दाबून बसवले, कडेने दाभणाने भोकं पाडली. केजच्या पॉलिशवाल्याकडून स्पिरिट आणलं. सात-आठ डबे वाया गेले, बोटं कापली. मग एक चूल जमली. वजन म्हणाल तर ओंजळभर भुईमुगाच्या शेंगांएवढं. मायने ती तळहातावर घेतली आणि हसली. “भातुकलीतली हाय का गं?” पण पाण्याला आधण आलं तशी म्हणाली, “लई बेस हाय गं. आता कशाला गावात जाती मी.”

तुम्ही ती ‘दोन दिवस बघायला’ म्हणून नेलीत. मला आनंदच झाला. कारखान्याचे अध्यक्ष छावणी बघायला येणार होते आणि मला कायम करण्याचा विषय तुम्ही त्यांच्या कानावर घालणार होतात, तसा शब्दच दिला होतात.

भर दुपार. अध्यक्ष खुर्चीवर, भोवती संचालक, मागे गुरांजवळ बायका. तुम्ही चूल पेटवता, वर पातेलं ठेवता. “लई डोकं लावलं, तवा कुठं जमली बघा,” असं हसत सांगता. अध्यक्ष माझ्याकडे बोट करून विचारतात, ही कोण? “आमच्या लॅबमधली पोरगी हाय. डबे धुवायला व्हती मदतीला.” कायम करण्याबद्दल चकार शब्द नाही. आयत्या बिळावर नागोबा कसा बसतो ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. अध्यक्ष खूश. छावणीतल्या प्रत्येक बाईला एकेक द्या, म्हणाले.

चहा झाला, पातेलं उतरवलं. “इझली,” म्हणत तुम्ही पुन्हा भरायला स्पिरिटची बाटली उचललीत. साहेब, स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही. तुम्ही ती जन्मभर प्रयोगशाळेतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात निळीशार पाहिलेली. मी चूल बाहेर उन्हात कितीदा तरी पेटवली होती, म्हणून भरण्याआधी वर वाळकी काडी धरून बघायची, पेटते का ते. चूल तुम्ही केली असती तर हे तुम्हालाही ठाऊक असतं. नुसतं विचारलं असतंत तरी सांगितलं असतं. जाळ बाटलीवर चढला, बाहीचं कापड कातड्याला चिकटलं आणि बायकांनी गुरांच्या हौदातलं पाणी तुमच्यावर ओतलं.

त्याच संध्याकाळी छावणीत असल्या चुलीला बंदी आली. माय पुन्हा उन्हातून गावाकडे चालायला लागली. तुमच्या उजव्या हाताची बोटं आखडली ती आखडलीच. नळी धरता येईना, तेव्हा माझ्या हातांची गरज पडली आणि डाव्या हाताने शिफारशीवर वेडीवाकडी सही करून तुम्हीच मला कायम करून घेतलंत. ती सही बघताना मला पेढा खाल्ल्यासारखं वाटलं, लपवत नाही.

बीडच्या दवाखान्यात तुम्ही एकदाच विचारलं होतं, “तू समोरच व्हतीस. तुला काही दिसलं व्हतं का गं?”

“न्हाई साहेब.”

मायनेही विचारलं. तिलाही तेच सांगितलं.

मला दिसलं होतं. चुलीच्या वरची हवा थरथरत होती, तिच्यातून पलीकडचा पांढरा बैल पाण्यात उभा असल्यासारखा हलत होता. बाटलीचं झाकण तुम्ही सावकाश उघडलंत. “थांबा” म्हणायला भरपूर वेळ होता.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. मायच्या त्या पायपिटीचं आजही वाईट वाटतं. तुमच्या हाताचंही वाटेल म्हणून मी इतकी वर्षं वाट पाहिली, साहेब. अजून वाटलेलं नाही.